साक्षी थेंब

चौथ्या वेळीही थेंब पांढरा झाला.

केंद्राच्या फाटकाशेजारच्या खोलीत भिंतीवर एक काचपट्टी टांगलेली होती. तिच्यावर बारीक खळग्यांच्या रांगा आणि प्रत्येक खळग्यात एक नितळ थेंब. बाहेर जाऊ पाहणाऱ्याने पट्टीसमोर स्टुलावर बसायचं, बाह्या झटकायच्या, पट्टीवर दोन-चार श्वास सोडायचे आणि वाट पाहायची. डॉ. उत्पला गजभिये बसली. डोक्यावर केस नव्हते; ते तिने कधीच उतरवले होते. पहारेकऱ्याने पुढे केलेला चहा निवायच्या आत खालच्या रांगेतल्या एका थेंबाच्या पोटात ठिपका दिसला आणि बघता बघता तो थेंब खडूसारखा पांढरा झाला.

पुढच्या खेपेला होईल मॅडम, असं पहारेकरी म्हणाला. गाडी चालवण्याच्या परीक्षेत नापास झालेल्याची समजूत काढावी तसा त्याचा आवाज होता. उत्पलाने कप ठेवला आणि आल्या वाटेने परत आत गेली. बाहेरच्या रस्त्यावरून उमरेडची बस गेली. तिने वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी तिने लाखांदूरला, धाकट्या भावाला फोन लावला. सुजात झाडीपट्टीच्या नाटकमंडळीत दिव्यांचं काम करायचा. हिवाळा आला की मंडळी गावोगाव फिरायची आणि हिवाळा आला की त्याची हाडंही ठणकायची. आई मागे काहीतरी विचारत होती. त्याने तिला थांबवलं.

"अख्ख्या गजभिये खानदानात तूच एक हुशार होती," तो म्हणाला, "आन् तूच चौथ्यांदा नापास."

ती हसली. मग त्याने औषध किती उरलंय ते सांगितलं. अर्धा चमचा घेतोय, रोज. पूर्वी पूर्ण घ्यायचा.

सुजातला सिकलसेल होता. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी पडला की गोल राहत नाहीत, विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात आणि जिथे अडकतात तिथे असह्य वेदना उठतात. त्यावरचं औषध म्हणजे अरुणी. पेशीतल्या हिमोग्लोबिनला हलकेच धरून ठेवणारा, त्याचे कण एकमेकांना चिकटू न देणारा एक रेणू.

अरुणी या देशात पहिल्या दगडापासून बांधली गेली होती आणि त्याचा सगळ्यांना अभिमान होता. कित्येक वर्षं इथले कारखाने बाहेरून आलेल्या पावडरी मिसळायचे, गोळ्या दाबायचे, वेष्टनं चढवायचे. रेणूचा सांगाडा परक्या देशातून यायचा. मग एका वर्षी समुद्र बंद झाले, जहाजं थांबली आणि साध्या तापाच्या गोळीसाठी रांगा लागल्या. त्यानंतर ठिकठिकाणी संश्लेषण केंद्रं उभी राहिली. उमरेडच्या पलीकडचं हे केंद्र त्यांतलं एक. इथे अरुणीची सुरुवात धानाच्या तणसापासून व्हायची. तणस आम्लात शिजवलं की बदामासारख्या वासाचं एक तेल निघतं. त्या तेलातल्या पाच कार्बनांच्या सांगाड्याला एकेक तुकडा जोडत जोडत अरुणी तयार व्हायची. हा मार्ग उत्पलाने शोधला होता. भंडाऱ्याकडचे शेतकरी जे तणस जाळायचे किंवा गुरांपुढे टाकायचे, त्यातूनच त्यांच्या पोरांचं औषध निघत होतं.

अडचण नंतर आली, आणि ती रेणूत नव्हती.

विटा त्याच असल्या तरी भिंत एकाच तऱ्हेने रचता येते असं नाही. एकाच रेणूचे स्फटिकही दोन वेगवेगळ्या रचनांचे होऊ शकतात. अरुणीची पहिली रचना सैल होती. ती सहज विरघळायची, तिचं दाट द्रावण बाटलीत भरता यायचं, चमचाभर घेतलं की रक्तात उतरायचं. दुसरी रचना घट्ट होती. तिच्यात रेणू एकमेकांना असे कवळून बसायचे की पाणी आत शिरायचंच नाही. पोटात गेली तरी वाळूसारखी तशीच बाहेर पडायची. घट्ट रचना जास्त स्थिर, म्हणून निसर्गाचा ओढा तिच्याकडेच. पण पहिला कण जुळून येणं फार अवघड असतं. तो जगात कुठेच नसेल तर द्रावण वर्षानुवर्षं निवांत राहतं. एकदा तो आला, की विरजणाच्या थेंबाने घागरभर दुधाचं दही व्हावं तसा सगळा माल त्याच्या मागे जातो. पुन्हा जुनी रचना करायला जावं, तर हवेतला डोळ्यांना न दिसणारा कणदेखील ती मोडून टाकतो.

तो पहिला कण उत्पलाच्या प्रयोगशाळेत जन्मला. तिथे एक स्फटिकशोधक यंत्र होतं, सगळे त्याला गिरणी म्हणायचे. हजारो सूक्ष्म वाट्यांत वेगवेगळी द्रावणं, वेगवेगळं तापमान, आणि रात्रंदिवस शोध. एका वाटीत सुईसारखे लखलखीत स्फटिक आले. नवा शोध होता. उत्पलाने ते एका छोट्या कुपीत भरून ठेवले.

खंडेनवमीला केंद्रात यंत्रांना झेंडू वाहायची रीत होती. उत्पलाच्या घरी पूजा करत नसत, तीही करायची नाही. पण त्या दिवशी शेजारच्या कारखान्यातली माणसं यायची, गप्पा व्हायच्या, म्हणून ती आवर्जून थांबायची. कारखान्यातले ढोमणे औषध शिजवणाऱ्या मोठ्या पिंपांवर काम करत. ते हातात ताट घेऊन आले. ताटात पाना, थर्मामीटर, पिंपाच्या झाकणाची चावी, झेंडूचे हार. तुमच्याकडचंही काहीतरी ठेवा मॅडम, म्हणाले. उत्पलाने कुपी ठेवली. बंद काचेतून चमक दिसेना, म्हणून तिने बूच काढलं. सगळ्यांनी वाकून पाहिलं. कोणीतरी म्हणालं, हिरेच जणू. मग ढोमण्यांनी ताटातले हार उचलले आणि कारखान्यात जाऊन पिंपांना बांधले.

दुसऱ्या दिवशी दसरा. उत्पला घरी गेली, भावाशेजारी बसून जेवली, त्याच्या केसांत हात फिरवला. ती परतल्यावर आईला सुजातच्या बाटलीच्या तळाशी पांढरा गाळ दिसला. थंडीने गोठलं असेल, असं समजून तिने बाटली उन्हात ठेवली, मग गरम पाण्यात. गाळ हलेना. तरी सुजात वरचं पाणी पीत राहिला, आणि त्यात औषध उरलंच नव्हतं. त्या वेळी त्याला भंडाऱ्याच्या इस्पितळात ठेवावं लागलं.

दिवाळीच्या आत कारखान्यातला सगळा माल वाळू झाला. मदतीला म्हणून उत्पला आणि ढोमणे दक्षिणेतल्या दुसऱ्या कारखान्यात गेले; ते परतले आणि तोही बंद पडला. तेव्हा कुठे सगळ्यांना उमगलं की कण माणसांबरोबर प्रवास करतात. केसांत, नखांत, स्वेटरच्या लोकरीत, कदाचित छातीतही.

देशात एकच कारखाना स्वच्छ राहिला, दूर हिमालयात, लाहौलच्या थंड वाळवंटात. त्यातून निघणारी अरुणी सगळ्यांना पुरत नव्हती. केंद्राभोवती कुंपण आलं. कुपीच्या आसपास असलेले सगळे आत राहिले, आधी स्वखुशीने, मग हुकमाने. साक्षी थेंब उत्पलानेच बनवले: अरुणीचं इतकं दाट द्रावण, की घट्ट रचनेचा एक कण पडला तरी ते पांढरं व्हावं. त्या पट्ट्या पेशंटांच्या दारांत लागल्या. लाखांदूरचं घर धुऊन, चुना लावून तिथेही एक टांगली गेली.

एकेक जण धुतला गेला आणि सुटला. ढोमण्यांची पट्टी दुसऱ्याच खेपेला नितळ राहिली. जाताना ते तिच्यासमोर नुसते उभे राहिले.

"हार मी बांधले," ते म्हणाले.

"बूच मी काढलं," ती म्हणाली. "जा तुम्ही. बस निघेल."

शेवटी ती एकटी उरली. सगळ्यांत जास्त काळ त्या स्फटिकांजवळ तीच वावरली होती.

आत करण्यासारखं एकच काम होतं, रेणूच बदलायचा. उत्पलाने अरुणीच्या एका टोकाला एका कार्बनाची शेपटी जोडली. रक्तातलं काम तेच राहिलं. पण जुन्या घट्ट भिंतीत ही शेपटीवाली वीट बसत नव्हती. जुना कण तिला हात लावू शकत नव्हता. या रेणूला ती धाकटी म्हणायची, आणि मग पत्रव्यवहारातही तेच नाव रुळलं. मार्ग तिने आतून लिहून पाठवला, लाहौलला धाकटी बनली, बाहेरच्या इस्पितळांत चाचण्या झाल्या. पेशंटांना उतार पडला.

परवान्याला एकच अट आडवी आली. अरुणीच्या प्रकरणानंतर नियम झाला होता की कुठल्याही नव्या औषधाच्या सगळ्या स्फटिकरचना आधी शोधून पाहायच्या. नियमात चूक काहीच नव्हती. पण धाकटीचीही घट्ट रचना असणार, आणि तिला शोधणं म्हणजे तिला जन्माला घालणं. शोधलं नाही तर ती कधी, कुठल्या कारखान्यात उगवेल याचा भरवसा नाही. शोधलं, तर जो शोधेल त्याच्या अंगावर ती बसणार.

संचालक डॉ. देवस्थळी नागपुरातून पडद्यावर बोलायच्या. शोध कोणी करायचा हा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही आणि उत्पलानेही विचारू दिला नाही. गिरणी आत होती, उत्पला आत होती. ती म्हणाली, मी लावते.

गिरणी सुरू होऊन बरेच दिवस लोटल्यावर देवस्थळींचा पुन्हा फोन आला. त्या थकलेल्या दिसत होत्या. मंत्रालयातून रोज विचारणा होते, लाखभर पेशंट वाट पाहताहेत, असं बरंच बोलून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"उत्पला, निम्म्याहून जास्त वाट्या झाल्या. काही आलं नाही. इथेच थांबवलंस, तर 'आढळलं नाही' असं लिहिता येईल. त्यात खोटं काय आहे?"

"खोटं नाही," उत्पला म्हणाली. "पण आढळलं नाही आणि पाहिलं नाही यात फरक आहे, मॅडम."

"आणि आढळलं तर? मग तू कधी बाहेर येशील, ते मला सांगता येणार नाही."

बोलणं संपल्यावर उत्पला गिरणीसमोर उभी राहिली. बटण हाताशी होतं. तिने ते बंद केलं नाही. त्यामागे फार मोठा विचार होता असंही नाही. अर्ध्यात सोडलेल्या कामावर सही करायची तिच्या हाताला सवय नव्हती.

पुढच्याच आठवड्यात एका वाटीत पिसासारखा स्फटिक आला. तिने तो उचलला, क्ष-किरणांखाली धरला. रचना नवी होती, घट्ट होती. तिने दुसरी वाटी पाहिली, तिच्यातही होता. आदल्या दिवशी त्या वाटीत काही नव्हतं.

त्याच दिवशी आईचा फोन आला. सुजातला भंडाऱ्याला पुन्हा भरती केलं होतं. अर्ध्या चमच्यावर त्याने थंडी काढायचा प्रयत्न केला होता आणि गोंदियाकडे नाटकाच्या एका प्रयोगाला मंडपात, दिव्यांच्या खांबापाशीच, तो कोसळला होता. छातीत धरलंय, डॉक्टर काही नीट सांगत नाहीत, असं आई म्हणाली. तू ये, असं ती म्हणाली नाही. इतक्या दिवसांत ते शब्द तिने एकदाही उच्चारले नव्हते. या वेळी फक्त फोन ठेवायला तिने वेळ लावला.

उत्पलाने अंघोळ केली, डोक्यावरून पुन्हा वस्तरा फिरवला, वाफेत ठेवलेले कपडे घातले आणि फाटकाशेजारच्या खोलीत जाऊन स्टुलावर बसली. श्वास सोडला. चहा आला, निवला. पहारेकरी पट्टीशी डोळा लावून उभा होता. थेंब नितळ राहिले. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत, सगळे.

पास झालात मॅडम, म्हणत त्याने फाटक उघडलं. बाहेर पलीकडच्या टपरीवर कोणी पोहे परतत होतं, वास आत आला. भंडाऱ्याला जायला दोन तास. ती उंबऱ्यापर्यंत गेली. एका हातात पिशवी होती.

तिथे तिने हिशेब मांडला, प्रयोगाआधी मांडते तसाच. सुजातच्या हातात धाकटीची बाटली अजून पडलेली नाही. म्हणजे आज गेलं, तर आज काही बिघडणार नाही. त्याच्या उशाशी बसता येईल, त्याचे पाय चेपता येतील. नंतर पोचेल ती बाटली. तोवर पिसासारखा कण त्याच्या रजईत असेल, आईच्या पदरात असेल, इस्पितळाच्या वार्डात, त्या वार्डातल्या नर्सच्या ओढणीवर. कोणाला कळणारही नाही. पट्टीवरचे थेंब जुन्या अरुणीचे; धाकटीसाठी साक्षी थेंब अजून जगात कुणी केले नव्हते. ते करू शकणारी तीच होती.

"फाटक लावून घ्या," तिने पहारेकऱ्याला सांगितलं.

तो गोंधळला. पट्टी नितळ आहे मॅडम, बघा ना.

"या पट्टीला मी दिसत नाही," ती म्हणाली आणि मागे फिरली.

देवस्थळींना तिने तिथूनच फोन केला. कुठल्या द्रावकात, किती तापमानाला, सगळं सांगितलं. मद्यार्कातच हा कण जुळतो. लाहौलला मद्यार्क टाळा, दुसरा द्रावक मी देते. नव्या थेंबांची कृती आज पाठवते, तोवर पहारेकऱ्यालाही बाहेर सोडू नका. मग देवस्थळी म्हणाल्या, तुला हे मला सांगायची गरज नव्हती. उत्पला म्हणाली, माझ्या जागी तुम्ही असता तर सांगितलं नसतं का?

सुजातचा फोन चार दिवसांनी आला. आवाजात अजून दम नव्हता.

"ताई, फाटक उघडलं होतं म्हनते आई."

"हाव."

"मंग?"

"मीच लावून घ्यायला सांगितलं."

तिने सगळं समजावलं. तो मध्ये बोलला नाही, तेव्हाच तिला भीती वाटली. सुजात मध्ये बोलला नाही असं कधी होत नसे.

"मले औषध पाहिजे का बहीण पाहिजे," तो शेवटी म्हणाला, "हे तुनं मले विचारलं नाही."

"नाही विचारलं."

"विचारायचं होतं."

"तू काय म्हणाला असता ते मले माहीत होतं. म्हणून नाही विचारलं."

त्याने फोन ठेवून दिला. पुढे कित्येक आठवडे आईच बोलायची. सुजात कुठे आहे विचारलं, तर बाहेर गेलाय, असं म्हणायची.

धाकटीला परवाना मिळाला. लाहौलला द्रावक बदलला, दक्षिणेतला कारखाना पुन्हा सुरू झाला, आणि दोन्हीकडच्या दारांत नव्या पट्ट्या लागल्या. केंद्राच्या फाटकाशेजारच्या खोलीतही एक आली. उत्पला तिच्यापुढे स्टुलावर एकदा बसली. चहा यायच्या आधीच अर्धी पट्टी पांढरी झाली. त्यानंतर पहारेकऱ्याने स्टूल उचलून आत ठेवलं आणि दोघांनीही त्याचा विषय काढला नाही. केंद्राच्या आत तिला दोन खोल्या, एक प्रयोगशाळा आणि कुंपणापर्यंतचं माळरान होतं. ती दुसऱ्या एका रेणूवर काम करू लागली. काम चांगलं चाललं होतं, आणि आपण हसलो तर ते ऐकायला कोणी नाही हे तिच्या लक्षात यायचं तेव्हा ती काही वेळ खिडकीशी उभी राहायची.

धान निघाल्यावर, हवेत गारवा आल्यावर, एका सकाळी पहारेकऱ्याने सांगितलं की कुंपणापलीकडे कोणीतरी आलंय.

भेटीची जागा ठरलेली होती. कुंपणाच्या आत एक चुन्याची रेघ, कुंपणाबाहेर कापलेल्या धानशेतांपलीकडे दुसरी. मध्ये बोलणं ओरडून करावं लागेल एवढं अंतर. वाऱ्याची दिशा दाखवायला बांबूवर एक कापड बांधलेलं असे. वारा बाहेरच्या माणसाकडून आतल्याकडे वाहत असेल तेव्हाच थांबायची परवानगी.

सुजात त्या रेघेजवळच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा होता. रस्त्यापासून तो चालत आला होता. बस तिथून बरीच दूर थांबते. गेल्या हिवाळ्यात त्याला घराच्या पायऱ्या चढवत नव्हत्या. अंगावर भरला होता. नव्या नाटकाचा सीझन सुरू झालाय, असं तो ओरडून सांगू लागला. नायिकेच्या तोंडावर दिवा मारायचा आन् खलनायकाच्या तोंडावर पडतो, लोक त्यालेच टाळ्या देतात, म्हणे. या वर्षी एकही खाडा नाही. औषध कडू आहे, तुह्या हाताच्या भाजीसारखं. उत्पला रेघेवर उभी राहून ऐकत होती. तिला त्याचं प्रत्येक वाक्य पोचत नव्हतं. जी पोचली नाहीत तिथेही ती हसत होती.

मग तो थांबला. काहीतरी हळू बोलला. ते मोठ्याने सांगण्यासारखं नसावं.

"ऐकू नाही आलं," ती ओरडली.

त्याने मान हलवली आणि पुन्हा बोलावं म्हणून धुऱ्यावरून उतरून पुढे आला. त्याच वेळी बांबूवरचं कापड सैल पडून लोंबलं आणि दुसऱ्या बाजूला फडफडलं. वारा आता तिच्या पाठीकडून येत होता, तिच्या अंगावरून त्याच्याकडे. तिने दोन्ही हातांनी मागे हो, मागे हो अशी खूण केली. सुजातला वाटलं ती बोलावतेय. तो आणखी पुढे आला, धानाच्या बुडख्यांवरून झपझप, धाप न लागता.

उत्पला वळली आणि जेवढ्या वेगाने तो येत होता तेवढ्याच वेगाने आत पळू लागली.